यंत्रावरची धूळ

३ जून २००३, मंगळवार

क्लबातला जुना संगणक आज गेला. आयव्हर रॉडा फलंदाजी करत होता. पडदा एकदम काळा पडला, जळका वास सुटला, आणि आयव्हर पहिलं काय म्हणाला, तर "मी नाबाद आहे, लिहून ठेवा."

अ‍ॅडलेडच्या या बाजूला मे ते ऑगस्ट हिवाळा; तेव्हा बोल्सची, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाची, हिरवळ बंद असते, म्हणून आम्ही वॉलरू गावचे म्हातारे क्लबात बसून संगणकावर क्रिकेट खेळतो. डॉसच्या काळातला खेळ आहे. खोका केव्हाच हरवला, फ्लॉपीवर ग्लेनिसच्या अक्षरात 'क्रिकेट – त्यातल्या त्यात बरं' एवढंच लिहिलंय. दोनच कळा, एक पायाची आणि एक बॅटची. पण दर ऑगस्टात शेजारच्या कडीना गावच्या क्लबाशी यावर सामना होतो. ढाल म्हणून खेकडे ओढायचं एक जुनं दाताळं फळीवर ठोकलेलं आहे, आणि ते सहा वर्षं आमच्या भिंतीवरून हललेलं नाही. नियम एकच: सामना ज्याच्या घरी, यंत्र त्याचं. यंत्र नसेल तर दाताळं पाहुण्यांचं. यंदा सामना आमच्या घरी आहे, ९ ऑगस्टला.

मी संगणक खोलला. माझ्या बायकोने, वेर्नाने, त्यावर घातलेलं विणलेलं झाकण आधी काढलं. कोठारांवरून गव्हाची धूळ येते म्हणून तिने ते मुद्दाम विणलंय. आत पॉवर सप्लाय जळलेला, मदरबोर्ड करपलेला. समोरच्या बाजूला सहासष्टचा वेग तेहेतीसवर आणायचं टर्बोचं बटण असतं, त्यावरची अक्षरं पार झिजून गेली आहेत. ते बटण कोण कशाला दाबेल? कुणीतरी रिकामपणी चाळा करत असणार.

ग्लेनिस पेनहॉल आमची सेक्रेटरी. ती म्हणाली, "मेलं ते बरं झालं. कौन्सिलने नवा संगणक दिलाय, त्यात पत्ते आहेत. पत्ते खेळू."

"आणि दाताळं?"

"नेऊ दे की कडीनाला. सहा वर्षं मीच पुसतेय ते."

मी म्हणालो, "हाच खेळ मी त्या नव्या यंत्रावर चालवून दाखवतो. बघच तू." ग्लेनिसने वेर्नाकडे पाहिलं. वेर्ना मांस-बटाटा भरलेली पेस्टी कापत होती, तिने मान वर केली नाही.

४ जून, बुधवार

नव्या विंडोजने खेळ उघडला, मैदान दाखवलं आणि गोठलं. आवाज नाहीच. जुने खेळ आवाज काढायला थेट साउंड कार्डाच्या दारावर जाऊन थाप मारायचे. नवं विंडोज त्या दारात उभं राहून विचारतं, तू कोण, कुणाला विचारून आलास? मला असल्या दारवानांचा लहानपणापासून राग आहे.

९ जून, सोमवार. राणीच्या वाढदिवसाची सुट्टी

एक प्रोग्रॅम सापडला. कुणीतरी फुकट वाटलेला. तो नव्या विंडोजच्या आत एक जुना संगणक खोटाखोटा उभा करतो, आणि खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. लिहिणारा माणूस दोन वर्षांपूर्वी लग्न करून गायब झाला, पण जाताना सगळा कोड उघडा ठेवून गेला. आमचा खेळ त्यात अडखळत, थुंकत चालतो. म्हणजे चालतो.

मी चौतीस वर्षं धान्याच्या कोठारांवर मोटारी आणि पट्टे सांभाळले, शेवटची दहा वर्षं त्यांचे प्रोग्रॅमही मीच लिहिले. दुसऱ्याचा कोड वाचायची मला भीती वाटत नाही. ज्या मेल-गटावर हे लोक जमतात तिथे मी माझी अडचण लिहिली. एकाचं उत्तर आलं, "आजोबा, नवा खेळ विकत घ्या." मी लिहिलं, "घेतला असता, पण नवे खेळ तुझ्यासारखे लोक खेळतात."

कळफलक बदलायला हवा. याच्या कळा इतक्या हलक्या की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटतं.

२० जून, शुक्रवार

आवाज आला! अकरा दिवस लागले. आवाज संपला की खोट्या कार्डाने खेळाला खूण करायची असते. ती खूण खेळाने बघायच्या आत पुसली जात होती, म्हणून खेळ वाट बघत बसायचा. चार ओळी बदलल्या. यष्टी उडाल्याचा तो खडखडाट ऐकून वेर्ना पिठाच्या हातांनी धावत आली.

"सुटलं?"

"सुटलं!"

मी तिला म्हणालो, आज चहा कपभर दे, हल्ली अर्धाच भरतेस. तिने भरला. थोडा बशीत सांडला. हे नवे कप फार उथळ आहेत.

आता नुसता सराव हवा. मी खेळायला बसलो की चेंडू मला संथ दिसतो. चांगल्या फलंदाजाची हीच खूण असते, आणि गेल्या दोन हिवाळ्यांत तर तो फारच संथ दिसायला लागला होता. वयाबरोबर नजर सुधारलेला वॉलरूतला मी एकटाच असेन.

२९ जून, रविवार

क्लबात पहिली चाचणी. आधी आयव्हर खेळला, ऐंशी काढल्या. मग माझी पाळी. माझ्या डावाआधी यंत्रावरची धूळ पुसायची हा वेर्नाचा शकुन. ती सवयीने उठली, नव्या यंत्रापाशी गेली आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. यंत्र कोरं करकरीत, पुसणार काय?

मी सहा वेळा बाद झालो. सहाही वेळा त्रिफळा.

"फार पळतोय हा," मी म्हणालो.

"हो, हो, फारच पळतोय," आयव्हर लगेच म्हणाला.

"तू ऐंशी काढल्यास की!"

"नशीब रे. डोळे मिटून खेळलो."

कुणी हसलं नाही. पूर्वी मी एकदा बाद झालो की आयव्हरचा महिना त्यावर निघायचा. मासळीच्या दुकानात, चर्चच्या दारात, कुठेही गाठून टोमणे मारायचा. हल्ली गप्प असतो. म्हातारा झाला बिचारा.

५ जुलै, शनिवार

वेग अर्ध्यावर आणला. मी साठ काढल्या, अगदी पूर्वीसारख्या. आनंदात आयव्हरला बसवलं, तर त्याने एका हाताने पेस्टी खात दोनशे बारा केल्या आणि जांभया दिल्या. पुन्हा वेग वाढवला. आयव्हर नेहमीसारखा खेळला, मी शून्य.

म्हणजे हा दोष फक्त मी खेळताना उगवतो. असले दोष मी कोठारांवर पाहिलेत. एक पट्टा दर मंगळवारी थांबायचा. लोक म्हणाले भूत आहे. निघालं काय, तर मंगळवारी झाडूवाला आपलं यंत्र लावायला आमचा प्लग काढायचा. कारण असतंच. जो शोधत नाही त्यालाच भूत दिसतं.

१३ जुलै, रविवार

कळ दाबल्यापासून खेळाला पोचेपर्यंत किती वेळ जातो हे मोजायची सोय प्रोग्रॅममध्ये केली. तिथे काही अडत नाही. मग चेंडू टप्पा घेतल्यापासून कळ दाबली जाईपर्यंतचा वेळ नोंदवला. आयव्हरची कळ वेळेवर. माझी दर वेळी उशिरा, आणि कधीकधी एका फटक्याला तीनदा. कळफलक बदलला. तिसरा आहे हा. तरी तेच.

क्लबाच्या स्वयंपाकघरातून ग्लेनिसचा आवाज ऐकला. "सांगून टाक ना त्याला एकदाचं." आणि वेर्ना, "तू गप्प बस." माझ्या पाठीमागे दाताळं देऊन टाकायचं शिजतंय. माझी बायकोसुद्धा त्यात आहे! देऊ देणार नाही.

१७ जुलै, गुरुवार

घरी वेर्ना म्हणाली, "तुझ्या प्रोग्रॅममध्ये हळू करायची एखादी कळ ठेव ना. कुणाला दिसणार नाही अशी."

"कशाला?"

"अशीच. कुणाला लागली तर."

माझं डोकंच सटकलं. म्हणालो, "सामन्यात वेग एकच. ज्याला झेपत नाही त्याने पत्ते खेळावेत. सूट घेऊन काढलेल्या धावा म्हणजे चोरीचे खेकडे!" हात आपटला तर कप खाली गेला आणि फुटला. उथळच होता. वेर्ना तुकडे वेचत राहिली. मला वाईट वाटलं, पण माझं चुकलं नव्हतं.

२६ जुलै, शनिवार

खरा वेग कोणता, हा वाद मिटवायचा एकच मार्ग होता. जुनं यंत्र मेलं, पण २००१च्या सामन्याचं ग्लेनिसने चित्रण केलंय. आयव्हरकडे ती टेप मागितली. "हरवली असेल रे," तो म्हणाला. हरवली नव्हती, क्लबाच्या कपाटात खेळाडूंच्या नावांसकट ठेवलेली होती. घरी आणली, स्टॉपवॉच घेऊन बसलो. वेर्ना बाजारात गेली होती.

गोलंदाज सात पावलं धावतो. आयव्हरच्या डावात सात पावलांना दोन सेकंद. कडीनाच्या डल्सी हॉकिंगच्या डावात दोन सेकंद. नव्या यंत्रावरही दोन. म्हणजे माझा प्रोग्रॅम अचूक आहे. मग माझा डाव लावला. सात पावलांना पावणेचार.

टेप ताणली गेली असणार, असं मी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं. नंतर पाहिलं तर चित्रात मागच्या भिंतीवर क्लबाचं घड्याळ आहे. त्याचा सेकंदकाटा माझ्या स्टॉपवॉचबरोबर ठोक्याला ठोका चालतो. टेप ताणलेली नाही.

मागे नेऊन पुन्हा बघितलं. मी खुर्चीत बसतो. पिवळ्या स्वेटरची एक बाही चित्रात येते, हातात फडकं. फडकं यंत्रावरून फिरतं. मग दुसरा हात विणलेल्या झाकणाची कड उचलतो आणि एक बोट आत जातं. डाव संपल्यावर बाही परत येते, परत पुसते.

सहा वेळा बघितलं. काटा खोटं बोलत नाही, हे मी चौतीस वर्षं पोरांना शिकवत आलो.

२७ जुलै, रविवार

या वहीतलं जानेवारीचं पान उघडलं आणि शेजारी आजचं ठेवलं. पेन तेच आहे, अक्षर तेच नाही.

२८ जुलै, सोमवार

सकाळी वेर्नापुढे स्टॉपवॉच ठेवलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती खाली बसली.

"कधीपासून?"

"हा तिसरा हिवाळा असता."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना."

"कडीनाच्या लोकांना?"

"डल्सीनेच सुचवलं होतं," वेर्ना म्हणाली. "तिच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. तुझ्या हाताकडे बघून तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, ते बटण आहे ना, ते कशासाठी आहे?"

डल्सी! चौदा वर्षं जिने मला सुखाने एक चौकार मारू दिला नाही, ती! मला लाज वाटली, आणि लाजेहून राग मोठा होता. मी ओरडलो. म्हणालो, तुम्ही सगळ्यांनी मिळून मला कुकुल्या बाळासारखं खेळवलंत, वर टाळ्या वाजवल्यात.

"बाळासारखं नाही," वेर्ना म्हणाली. "तुला खेळायचं होतं आणि मला तुला खेळताना बघायचं होतं. बोल, काय करायला हवं होतं मी?"

"मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं नाही? एप्रिलमध्ये म्हणाले, डॉक्टरकडे चल. तू म्हणालास, हात थंडीने थरथरतात. लायल, एप्रिलमध्ये आपण भर उन्हात पाण्यात उभं राहून खेकडे ओढत होतो."

 तिने अ‍ॅडलेडच्या डॉक्टरची वेळ विचारून ठेवली होती, तीही महिन्यापूर्वीच. मी म्हणालो, सामना झाल्यावर. ती म्हणाली, सामना झाल्यावरचा पहिला मंगळवार. घासाघीस करून पाहिली, ती ऐकेना.

३ ऑगस्ट, रविवार

सहा दिवस वहीला हात लावला नाही, कारण काम करत होतो. अक्षर वाईट आलंय ते येऊ दे, लपवायचं काही नाही.

प्रोग्रॅममध्ये कळ घातली. दाबली की सहासष्टचे तेहेतीस, पुन्हा दाबली की परत सहासष्ट. आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तो आकडा मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दिसतो. तो झाकता येत नाही, बारीक करता येत नाही, पुसता येत नाही. तशी सोयच मी ठेवली नाही. आता कुणी हळू खेळला तर अख्ख्या खोलीसमोर खेळेल.

सगळा कोड मेल-गटावर टाकून दिला, आवाजाच्या दुरुस्तीसकट. एक शहाणा म्हणाला, "खऱ्या जुन्या यंत्रावर पडद्यावर आकडा नसायचा, हे अस्सल नाही." मी लिहिलं, "खऱ्या यंत्रावर आकडा पेटीवर असायचा, आणि तो झाकायला माझ्या घरातून झाकण गेलं होतं. माझ्या प्रोग्रॅमला झाकण बसणार नाही. पटत नसेल तर आधीचं वापर आणि बस वाट बघत आवाजाची."

ग्लेनिसला फोन करून सांगितलं, यादीत माझं नाव पहिलं लिही. आणि सगळ्यांना सांग की लायलला कळलंय.

१० ऑगस्ट, रविवार

काल सामना झाला. एकदा सगळं नीट लिहून काढतो.

चौघे त्यांचे, चौघे आमचे, प्रत्येकाला दोन डाव. यंत्र एकदाही अडखळलं नाही, यष्टीचा खडखडाट अगदी पूर्वीसारखा. डल्सी हॉकिंग आत आल्या आल्या मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "दोन वर्षं दाताळं आमच्याकडे खोटं राहिलं. ती दोन वर्षं तुमच्या नावावर लिही."

"का म्हणून?"

"मी सूट घेऊन खेळलो."

"तू नाही घेतलीस, आम्ही दिली," डल्सी म्हणाली. "मी हरले ते ठाऊक असून हरले. माझं हरणं तू कोण खोडणार? चल, बस खेळायला. बडबड करून वेळ काढू नकोस."

मी पहिला बसलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वेर्ना सवयीने अर्धी उठली होती, परत बसली. मी म्हणालो, "पहिला डाव सहासष्टवर," आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट केलं. बोट थरथरत होतं. थरथरू दिलं.

दुसऱ्या चेंडूवर त्रिफळा. शून्य.

 कुणी चमचा हलवेना. आयव्हर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि ओरडलो, "अरे, मेलोय का मी? चौदा वर्षं एकमेकांची सालटी काढतोय आपण. शून्यावर गेलोय मी, शून्यावर! कुणी काही बोलणार आहे की नाही?"

 मग डल्सी, डोक्यावरची टोपी सारखी करत, "लायल, तो चेंडू मागच्या आठवड्यातला होता. आता पोचलास?"

आणि मग आयव्हर. दोन वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. "लायल ट्रेझाइझ, यष्टीने स्वतःहून वाट दिली तरी तू तिला अडखळून पडशील! अरे, ती बॅट आहे, छत्री नाही! वेर्ना, याला घरी तरी चेंडू दिसतो का गं?" लोक हसून लाल झाले. ग्लेनिस डोळे पुसत होती, ते हसण्यानेच असं तिचं म्हणणं. माझं मला कळेना की मी रडतोय का हसतोय, पण छातीवरचं ओझं उतरलं एवढं खरं.

दुसऱ्या डावाला मी स्वतः कळ दाबली. कोपऱ्यात तेहेतीस आलं. "बघून घ्या सगळ्यांनी. तेहेतीस. डल्सी, हरकत असेल तर आत्ताच सांग."

"हरकत आहे. इतका हळू चेंडू ताटात वाढूनही तू लेगला झेल देतोस, ते बघवत नाही."

चव्वेचाळीस काढल्या. लेगला झेल दिला.

अकरा धावांनी हरलो. डल्सीने दाताळं भिंतीवरून काढलं, तर मागे सहा वर्षांचा पांढरा चौकोन निघाला. तिने तो बघून "अगं बाई, पुसत नाही का कुणी इथे?" असं म्हटल्यावर ग्लेनिस तिच्या अंगावर धावून गेली. दाताळं त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेतून कडीनाच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होतं. माझ्या जिवाला लागलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी सामना आहे, त्यांच्याही यंत्रावर माझाच प्रोग्रॅम चालणार आहे, आणि मी जाणार आहे. तेहेतीसवर खेळेन, नाहीतर प्रोग्रॅममध्ये सोळा घालीन. आकडा मात्र वर दिसेल.

परवा अ‍ॅडलेड. गाडी वेर्ना चालवणार. डॉक्टर काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, डल्सीने काल जाताना नवऱ्याच्या कंपवाताचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. भीती वाटते. तीही लिहून ठेवतो.

सकाळी आठला फोन वाजला. आयव्हर. "शून्य!" एवढंच ओरडून ठेवून दिला. साडेनऊला परत. चर्चहून आल्यावर परत. आत्ता हे लिहितोय तर पुन्हा वाजतोय. वेर्ना विचारतेय, रिसीव्हर काढून ठेवू का बाजूला.

म्हटलं, राहू दे. वाजू दे.